कडीनगरचा दुसरा भाग

कौसल्या खिल्लारे बसून वाचत नसे. हातात पुस्तक आलं की तिचे पाय चालू व्हायचे. आमच्या खोल्यांपुढच्या अंगणात लिंबाच्या झाडापासून धुण्याच्या दगडापर्यंत जायचं, वळायचं, परत लिंबापाशी यायचं, आणि हे सगळं नजर पानावरून न हलवता. गोष्ट संथ असली की चालही संथ. गोष्टीत कुणाचा तरी घात होणार असं दिसू लागलं की ही बाई अशी सुटायची की दगडाला थडकते की काय, याची मला धास्ती. बोरीच्या लोकांना पुढं या प्रकाराची इतकी सवय झाली, की रस्त्यानं जाणारा माणूस कुंपणाशी थांबून विचारायचा, "काय बाई, आज लय पळायल्यात? मेलं का कोनी गोष्टीत?" ती मान वर न करता सांगायची, "अजून न्हाई. पण लक्षण काय बरं न्हाई."

मी तिच्या अगदी उलट. मला भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, शेजारी शेंगदाण्याची वाटी ठेवून वाचायला आवडतं. सतत हलणारी माणसं पाहिली की माझं डोकं दुखतं. अशा बाईबरोबर मला तीन वर्षं शेजार करावा लागला आणि ती गेल्यावर मला त्या शांत अंगणात एक ओळ वाचवेना, हा माझ्या नशिबाचा भाग.

बोरीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही दोघीच बाया. मी गंगाखेडची, ती पाथरीच्या पुढच्या एका खेड्यातली. तिला गावात कुणी खोली देईना. कारण विचारलं तर कुणी सांगेना आणि न विचारताही सगळ्यांना ठाऊक. मला एकटीला राहायची भीती वाटे. गावातल्या करीमाबींनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला देऊन दोघींचे प्रश्न एकदम सोडवले. माझी आई गंगाखेडहून पाहायला आली. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीकडं तिनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि तिला दार नाही याची खात्री झाल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आमचा चहा एकाच स्टोव्हवर होतो, हे तिला कोण सांगणार?

दुष्काळ सरल्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. परभणीच्या स्टेशनाजवळच्या पुस्तकाच्या गाड्यावर कौसल्येला मुलांसाठी लिहिलेली एक कादंबरी मिळाली. नाव 'कडीनगर, भाग पहिला'. त्यातलं शहर असं, की घरोघरच्या दारांना कडी फक्त बाहेरून. दिवस मावळला की नगररक्षक येऊन कड्या लावत, सकाळी काढत, आणि रोज म्हणत, "तुमच्याच भल्यासाठी." मूल मोठं झालं की त्यानं जन्मभर कुठल्या घरात कोणतं काम करायचं, हेही तेच ठरवत. रेणू नावाची एक मुलगी त्या शहरातून निसटते. धाकटी बहीण आतच राहते. रेणू तटाबाहेर पाऊल टाकते आणि पहिला भाग संपतो.

कौसल्येनं परभणी ते बोरी एस.टी.त निम्मं पुस्तक वाचलं, तेही उभ्यानं, दोन बाकांच्या मधल्या वाटेत येरझाऱ्या घालत. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा की. जागा हाय." ही म्हणाली, "बसते. एवढी पोरगी खिडकीतून उतरू द्या." कंडक्टरनं दचकून सगळ्या खिडक्या तपासल्या.

गावातल्या बौद्धवाड्यात पत्र्याची एक खोली होती, तोच विहार. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने तिथं धम्मग्रंथाचं वाचन चाले आणि वाचायला कौसल्या असे. ग्रंथाची समाप्ती झाल्यावर तिनं दर रविवारी दुपारी तिथंच मुलांना 'कडीनगर' वाचून दाखवायला घेतलं. मुलांच्या मागं आया आल्या, आयांच्या मागं म्हाताऱ्या आल्या. विहारात वाचन म्हणजे आधी त्रिसरण-पंचशील आणि शेवटी तीनदा 'साधू', ही सगळ्यांची पक्की समजूत. पुस्तक कोणतं का असेना. त्यामुळे रेणूनं नगररक्षकाच्या डोळ्यांत तिखट फेकून पळ काढला की सगळी सभा हात जोडून गंभीरपणे म्हणे, "साधू, साधू, साधू." मला हसू आवरत नसे. मी मागं बसून पदर तोंडात कोंबत असे.

या सगळ्यांची म्होरकी गजराआजी. वाचन झालं की ती 'कडीनगर' पांढऱ्या फडक्यात बांधून ग्रंथाशेजारी ठेवी. कौसल्येनं तिला एकदा समजावून पाहिलं.

"आजी, हा ग्रंथ न्हाई. लेकरांची कादंबरी हाय. मनानं रचलेली."

"छापलेली हाय ना?"

"हाय."

"तू वाचायलीस ना?"

"व्हय."

"मंग? उगं चिकित्सा करू नको. आन् एक ध्यानात ठिव, बसवलेलं वाचन अर्ध्यात सोडायचं नसतंय."

इथंच घोटाळा झाला. पहिला भाग संपला, पण गोष्ट संपली नाही. पुस्तकाच्या शेवटी लिहिलं होतं, पुढील भाग लवकरच. ग्रंथ अर्धा राहिला म्हणजे वाड्याला काही तरी बाधतं, असं गजराआजीचं मत. बाया कौसल्येला रस्त्यात अडवून विचारत, "बाई, रेणूचं काय कळलं का वं?" जणू रेणू हिच्या नात्यातली आणि जिंतूरला नांदायला दिलेली. कौसल्या तर आधीच उतावळी. परभणीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ती त्या गाड्यावर चौकशी करायला लावी. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही तिनं सोडलं नाही. वर्षभर दुसरा भाग आला नाही आणि वर्षभर त्या अंगणाला विसावा मिळाला नाही. मी म्हणायची, "अगं, पायाला भिंगरी बांधलीय का? एका पोरीच्या गोष्टीपायी स्वतःची हाडं काय झिजवतेस?" ती म्हणायची, "तुमचं बरंय सुमनताई. तुमी गोष्ट मिटून झोपू शकता."

दुसरा भाग आला तो मीच आणला. थंडी संपत आली होती. पुस्तक तिच्या हातात दिलं तेव्हा ती पीठ मळत होती. तशाच हातांनी तिनं ते घेतलं, पहिल्या पानावर कणकेची बोटं उमटली आणि त्या संध्याकाळी पोळ्या मला लाटाव्या लागल्या.

पण दुसरा भाग विचित्र होता. मुलांना वाटलं होतं आता लढाई होणार, तट कोसळणार. तसलं काहीच नाही. रेणू माळावरच्या वस्तीत पोचते. तिथल्या घरांना दारंच नसतात. लोक चांगले. तिला भाकरी देतात, काम देतात, कुणी काही विचारत नाही. आणि या मुलीला झोप येत नाही. कडी लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. पानंच्या पानं ती नुसती माळावर फिरते. मुलं कंटाळून चुळबुळ करू लागली. बाया मात्र हलल्या नाहीत. कौसल्या विहारातही फिरतच वाचायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि समोरच्या सगळ्या माना तिच्याबरोबर इकडून तिकडं फिरायच्या.

रेणूच्या मनात परत जायचं येऊ लागलं, तसे विहारात तट पडले.

"सुटली न्हवं?" गजराआजी म्हणायची. "मंग आता भाकर खावी, निजावं. मागं बघत बसू ने."

"आन् भइन?" दुसरी कुणी म्हणायची.

"भइन बी निघंल. येळ आल्यावर."

"कोन काढील तिला? कडी तर बाहीरून हाय."

वाचन बाजूला राहायचं आणि भांडण जुंपायचं. मी मनातून गजराआजीच्या बाजूची. आगीतून निसटलेल्यानं परत फुफाट्यात कशाला जावं?

अशाच एका रविवारी घरी आल्यावर कौसल्या अंगणात येरझाऱ्या घालू लागली. हातात पुस्तक नव्हतं. मी चहाचा कप घेऊन तिच्या वाटेतच उभी राहिले, तेव्हा कुठं थांबली.

"आमच्या गावच्या शाळेत मी दाराबाहेर बसून शिकले, सुमनताई," ती म्हणाली. "पाऊस आला की वळचणीला उभं राहायचं, पण आत यायचं न्हाई. फळा अर्धाच दिसायचा. उरलेला अर्धा मी अंदाजानं शिकले."

"ते दिवस गेले आता."

"कुठं गेले? आई सांगती, आमच्या वाड्याची लेकरं आता आत बसतात. पण मागं, येगळ्या पट्टीवर. मास्तर त्यांच्या पाटीला हात लावत न्हाई, लांबूनच बघतो. परवा एका पोरीनं हंड्यातलं पाणी घेतलं तर हंडा घासून घेतला, तिच्याच हातानं."

"मग तू काय करणार? तू सुटलीस ना?"

ती माझ्याकडं बघून हसली. "तुमी अगदी गजराआजीवानी बोलायलात."

मला राग आला. मी जिच्या भल्यासाठी बोलत होते, तिला ते कळत नव्हतं, आणि आपण कसल्या भल्याचं बोलतो आहोत हे मलाही धड कळत नव्हतं.

शेवटच्या रविवारी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. रेणू परत निघते. तटाशी येते. निसटताना ती तट चढून उतरली होती, आता पहिल्यांदाच मोठ्या वेशीपुढं उभी राहते आणि तिच्या लक्षात येतं, की शहराच्या वेशीलाही कडी बाहेरूनच आहे. आत सगळे कोंडलेले, नगररक्षकसुद्धा. बाहेरून कुणीही, कधीही ती काढू शकलं असतं. पण जे सुटले ते परत आलेच नाहीत. रेणू कडीला हात घालते. कौसल्या थांबली. तिनं पान उलटलं आणि पलीकडचं कोरं पान आम्हाला दाखवलं.

कुणी साधू म्हटलं नाही. मग गजराआजीनं विचारलं, "निघली का कडी?"

"पुढच्या भागात हाय, आजी."

"तो कवा?"

"ठाव न्हाई."

"मंग तू सांग की तुज्या मनानं. तुला येतंय तेवढं. तू सांगितलं की झालं आमचं वाचन पुरं."

सगळ्या बाया म्हणू लागल्या, सांगा बाई, सांगा. मीही म्हटलं, "सांग ना ग. दोन वाक्यांत कडी निघाली म्हण, बहिणी भेटल्या म्हण, म्हाताऱ्या सुखानं घरी जातील." कौसल्या पहिल्यांदाच जागच्या जागी स्थिर उभी राहिली.

"न्हाई सांगणार," ती म्हणाली. "पुस्तकात न्हाई ते पुस्तकात हाय म्हणून सांगणार न्हाई. आजी, आपल्याला पिढ्यान् पिढ्या लोकांनी असंच सांगितलं. पोथीत असं लिव्हलंय, पोथीत तसं लिव्हलंय. आपल्याला वाचता येत नव्हतं, आपण मान डोलावली. मला आता वाचता येतंय. मी तुमाला तसं फसवू?"

गजराआजीनं तिच्या हातून पुस्तक घेतलं. पण फडक्यात न बांधता तसंच कौसल्येच्या हातात परत दिलं. "मंग ठिव तुज्यापाशी," ती म्हणाली. "आमचं वाचन अर्धं हाय, ध्यानात ऱ्हाऊ दे." मला वाटलं म्हातारी रुसली. पण रुसली नव्हती.

त्याच महिन्यात कौसल्येनं बदलीचा अर्ज केला, आपल्याच गावच्या शाळेसाठी. त्या गावातून निघण्यासाठी मास्तर लोक वशिले लावत. तिथं जायला अर्ज येतो, हे परभणीच्या कचेरीत कुणाला खरं वाटेना. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भांडायला तोंड उघडलं, तर माझ्याआधी तिची आई हजर. शेतात मजुरी करून हिला शिकवलेली बाई. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवण्याआधीच तिनं सुरुवात केली.

"तुला त्या शाळंतून बाहीर काढायला माज्या हाताचं कातडं गेलं. आन् तू कागूद करून परत यायलीस? तुला लाज न्हाई का वं?"

"आई, तू तर तिथंच हायस की."

"माजं सोड! माजं झालं आता. तुला तिथं कोन खुर्चीवर बसू देणार हाय? पाटलाची लेकरं तुज्या हातून शिकतील? शाळा वस पडंल, बग."

"पडू दे. मग मी घरोघर जाईन."

"दारात उभं करतील तुला."

"उभं राहायची सवय हाय मला. बसायचीच न्हाई."

आईला हसू आलं, मग रडू आलं. मी माझं भांडण पोटातच ठेवलं आणि तिघींचा चहा टाकला.

ती गेली त्या दिवशी सगळा बौद्धवाडा एस.टी.च्या थांब्यावर आला होता. करीमाबींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तिच्या आईनं म्हटलं होतं तेच नंतर घडलं. बदल्यांवरून येणारे-जाणारे मास्तर सांगत, खिल्लारे बाईंच्या वर्गात निम्मी पोरं येत नाहीत. उघड कुणी काही बोलत नाही. विचारलं तर पोरगं कापूस वेचायला गेलंय, पोरगी मामाच्या गावाला गेलीय. कुणी तर पोराचं नाव सरळ पाथरीच्या शाळेत घातलं. ऐकून माझं मन थाऱ्यावर राहीना. ज्या अंगणाची मी एवढी कटकट करायची, तिथं मीच फेऱ्या मारू लागले.

पुढच्या हिवाळ्यात एका लग्नाला औरंगाबादला गेले, तेव्हा तिथली पुस्तकांची दुकानं पालथी घातली. तिसरा भाग कुठंच नव्हता. एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं, तो यायचाच नाही. लिहिणाऱ्यानं लिहिणं सोडलं आणि छापणाऱ्यानं दुकान बंद केलं. ऐकल्यावर मला कौसल्येला भेटल्याशिवाय राहवेना. हे तिला कुणा दुसऱ्याकडून कळू नये असं मला वाटत होतं.

शनिवारी रजा टाकून, सकाळच्या शाळेच्या वेळेला मी पाथरीहून गाडी बदलून तिच्या गावी पोचले. ती व्हरांड्यात भेटली. वाळली होती. डोळे मात्र तसेच होते, कुठं तरी निघाल्यासारखे. वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता, पण भरल्या वर्गाचा नव्हे.

"किती येतात ग?"

"येतात थोडी थोडी. मी रोज संध्याकाळी घरं फिरते. पाटलांच्या दारात तर माझी जागाच ठरलीय. त्यांच्या सूनबाई आता निदान आतून विचारतात, आज काय शिकवलं म्हणून. मी अंगणातूनच सांगते."

"आणि लोक?"

"दिवाळीत म्हणाले, बाई, तुमी दुसरी शाळा बघा, तुमच्याच भल्यासाठी सांगायलोत." ती हसली. "मला एकदम ते नगररक्षकच दिसले."

मग मी तिला तिसऱ्या भागाचं सांगून टाकलं. "येणारच न्हाई?" तिनं एकदाच विचारलं. मी मान हलवली. तिला वाईट वाटलं हे मला स्पष्ट दिसलं. मला स्वतःला रडू येत होतं, आणि कशासाठी ते नीट सांगता येत नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "शेवट आधी वाचायला मिळाला असता, तर मी एक तर भ्याले असते, न्हाई तर निवांत झाले असते. दोन्हीत काय खरं न्हाई. आता माझं काम मला करू द्या. पोरं पाढा चुकायलीत."

ती वर्गाकडं वळणार, एवढ्यात फाटकाशी एक बाई आली. अंगावर चांगलं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात एका लहान मुलीचा दंड घट्ट धरलेला. कौसल्या जागीच थांबली आणि मला हळूच म्हणाली, "पाटलांची सूनबाई." मग ती फाटकाकडं निघाली, पण नेहमीसारखी पळत नाही, सावकाश.

"बाई, हिला घ्या," ती बाई जमिनीकडं बघत म्हणाली. "घरी गप बसंना झालीय. सारखी फिरायलीय अंगणात."

"या की," कौसल्या म्हणाली. "तुमी पण या. ती कुठं बसती, काय शिकती, बघून जा."

बाईनं मागं गावाकडं पाहिलं. रस्त्यावर दोघं-चौघं उभे होते आणि त्यांची नजर इकडंच होती. माझ्या परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला, पण माझे पाय हलले नाहीत. कौसल्येनं हात पुढं केला नाही, ती नुसती बाजूला सरून उभी राहिली. त्या बाईनं पायातल्या वहाणा काढून फाटकाबाहेर ठेवल्या आणि मुलीच्या मागोमाग ती आत आली.